थरथरलेला ळ

"पाटी करून हवी होती," असं म्हणत भिंगरी दुकानात शिरली आणि पेंटरच्या आईच्या हातातला रंगाचा डबा पडता पडता राहिला! दहा-बारा वर्षांनी येत होती. अंगानं भरली होती, केसांत चार पांढरेही दिसत होते, पण चालण्याचा झपाटा तोच. पेंटरनं उगाच नव्हतं तिला भिंगरी नाव ठेवलेलं. आणि पेंटर... तो कोपऱ्यातल्या खुर्चीत दोन्ही हात मांडीखाली दाबून बसला होता, कारण मोकळे सोडले की ते आपल्याच मर्जीनं नाचायचे.

"अगं बाई, आजारी आहेस?" त्याला बघून ती थबकली. मग इकडेतिकडे पाहत म्हणाली, "आणि बायको कुठंय तुझी?"

"कुणाची बायको?"

"काकूच तर म्हणाल्या होत्या, तुझं दुसरीकडे ठरलंय म्हणून."

"माझं? अगं, रंगानं बरबटलेला नवरा नको, असा निरोप तूच धाडलास ना?"

"मी? मी कधी?"

दोघांनी एकदमच आईकडे पाहिलं. या घटकेची धास्ती तिनं इतकी वर्षं उरात बाळगली होती. आता सुटका नव्हती.

झालं होतं ते असं. पेंटरचे वडीलही पाट्याच रंगवायचे. त्यांचा हात पहिल्यांदा थरथरला तो 'ळ' काढताना. त्याची दोन गोल वळणं ब्रश न उचलता फिरवावी लागतात. पुढे चालणं गेलं, गिळणं गेलं, शेवटी बोलणंही गेलं आणि आईनं ते सगळं एकटीनं निस्तरलं. हे मुलातही उतरू शकतं, असं डॉक्टरांनी तिला बजावलं होतं. मग एके दिवशी लेकानं रंगवलेल्या पाटीवर तिला तसाच थरथरलेला ळ दिसला. लेकाच्या आधी तिला कळलं! त्याच संध्याकाळी तिनं भिंगरीच्या घरी जाऊन एक थाप मारली आणि परत येऊन लेकाला दुसरी. त्याला आतल्या आत जळताना पाहिलं, सोसलं. एका पोरीचा जन्म वाचला, एवढ्या समाधानावर दिवस काढले.

आता मात्र तिनं डोळे पुसत सगळं सांगून टाकलं. "माझ्या वाट्याला आलं ते तुझ्या नशिबी नको होतं गं, पोरी!"

"नशिबी?" भिंगरीचा आवाज चढला. "नशिबानं कुठे काय केलं, काकू? केलंत ते तुम्ही! मला सांगायचं होतं, असं असं आहे, आता बोल. मी पळाले असते, नाहीतर राहिले असते... पण माझं मी ठरवलं असतं ना!"

"लहान होतीस तू..."

"आणि तुम्ही? काकांचं पुढे असं होणार, हे लग्नाआधी कुणी सांगितलं असतं, तर नको म्हणाला असतात?"

आईनं तोंड उघडलं. हो म्हणायचं होतं. त्या एका शब्दावर तिचा सगळा त्याग उभा होता. पण डोळ्यांपुढे आले ते शिडीवर उभं राहून शीळ घालणारे, नाकाला कायम रंग लागलेले तिचे यजमान.

"नाही," ती म्हणाली. "त्यांच्याशीच केलं असतं..." आणि तिला हुंदका आवरेना.

भिंगरीला आता नवरा होता, शाळेत जाणारी मुलगी होती. तिनं पेंटरच्या खांद्यावर हात ठेवला, "येत जाईन," म्हणाली आणि गेली. पाटीचं बोलायचं राहूनच गेलं.

"एवढी वर्षं मी तिला मनातल्या मनात शिव्या घातल्या, आई," पेंटर दाराकडे बघत म्हणाला. "मलाही नाही विचारलंस."

"चुकलं रे माझं."

"यापुढे तरी विचारत जा. जे काही उरलंय, त्यातलं."

आईनं आतून ताट वाढून आणलं. एरवी ती घड्याळात बघून भरवायला बसायची, तो नको म्हणाला तरी. आज ताट हातात घेऊन तशीच उभी राहिली.

"आत्ता जेवतोस, की जरा वेळानं?"

"जरा वेळानं."

आईनं ताट झाकलं आणि त्याच्या शेजारी बसून राहिली.