बिजलीबाईचं कर्ज कोणी अडवलं?

फोन पंचफुलाबाईंचा होता आणि त्यात नमस्कार नव्हता.

"मॅडम, तुमच्या पोरीनं आमचा घात केला. तुमाले जे सांगतलं, ते कंपनीले कसं मालूम पडलं?"

डॉ. साधना खोब्रागडे नागपुरात अर्थशास्त्र शिकवायची. घरावर कर्ज काढलेली माणसं हप्ता भरता भरता आणखी कुठे कुठे हात पसरतात, हा तिच्या संशोधनाचा विषय. त्यासाठी पुसदच्या एका वस्तीत ती आणि तिची सहायक वैष्णवी दारोदार फिरल्या होत्या. वैष्णवी त्याच वस्तीतली पोर. तिच्या भरवशावर बायकांनी नवऱ्यालाही न सांगितलेलं सांगून टाकलं: सोनाराकडे गुपचूप गहाण पडलेले दागिने. यातलं अवाक्षर बाहेर जाणार नाही, असा शब्द साधनाने दिला होता.

आता घरकर्ज देणाऱ्या कंपनीने नेमक्या त्याच बायकांचं वाढीव कर्ज अडवलं होतं. वैष्णवीच्या दारात कुणी उभं राहत नव्हतं. सख्ख्या चुलत बहिणीच्या लग्नाचं बोलावणंसुद्धा तिला आलं नाही.

आणि साधनाने काय केलं? आधी संशोधनाच्या नोंदी उघडायचा वैष्णवीचा पासवर्ड बंद केला, मग तिला फोन लावला.

"तू कुणाजवळ काही बोललीस का?"

पलीकडून एकच शब्द आला, "नाही."

पुसदच्या बसमध्ये तो शब्द साधनाला टोचत राहिला.

पंचफुलाबाईंनी राग असूनही पाणी दिलं. त्यांच्या समोरच्या खोलीत मांडणीवर भांडी लखलखत होती. साधनाने दिलेली पाणी भरायची स्टीलची गुंडी मधोमध होती. वेळेचा मोबदला रोख दिला तर तो नवऱ्याच्या खिशात जाईल, म्हणून तिने बायकांना भांडी दिली होती. जिच्याशी बोलणं लवकर आटोपलं तिला पेला, जिची दुपार मोडली तिला गुंडी. तेव्हा तिला स्वतःच्या शहाणपणाचं कौतुकही वाटलं होतं.

बायका जमल्या.

"कुणाकुणाचं अडलं?" साधनाने विचारलं.

"माहं, या भुरीबाईचं, अन् बिजलीबाईचं बी," पंचफुलाबाई म्हणाल्या.

साधना चमकली. बिजलीबाईचं तर कुठेच काही गहाण नव्हतं.

"तेच त मी बोंबलून राह्यली!" बिजलीबाई उसळल्या. "ना सोनं ठेवलं, ना उधारी केली. तरी साहेब म्हणते, तुमचं दुसरीकडं चालू हाय."

"मंजूर कुणाचं झालं?"

"रुपीबाईचं," भुरीबाई म्हणाल्या.

रुपीबाईंनी मान खाली घातली. त्यांचे दोन दागिने सोनाराकडे होते. साधनाला ते ठाऊक होतं, पण ती गप्प बसली. निदान तेवढा शब्द तरी पाळायचा होता.

दोषी सुटली आणि निर्दोष अडकली. चोर सोडून संन्याशाला फाशी! साधनाची माहिती फुटली असती, तर हे असं उलटं कसं झालं असतं?

ती बिजलीबाईंच्या घरी गेली. तिथे बसायलाच जागा नव्हती.

"माह्या पोराच्या, बादलच्या लग्नात लय आहेर आला," बिजलीबाई कौतुकाने म्हणाल्या. "भांडे ठेवाले मांडणी पुरून नाई राह्यली."

साधनाने मांडणीकडे पाहिलं आणि तिने वाटली होती तशीच एक गुंडी तिथून उचलून हातात घेतली.

दुपारी कंपनीचा इंद्रजित वसुलीच्या बैठकीला आला. दर आठवड्याला ही बैठक एकेकीच्या घरी व्हायची. आज पाळी पंचफुलाबाईंची होती.

"इंद्रजित, वैष्णवीने तुम्हाला काय सांगितलं?"

"त्या पोरीशी माहं बोलणंच नाई, मॅडम."

"ते खरं आहे," साधना म्हणाली. बायका एकमेकींकडे बघू लागल्या. "मग बिजलीबाईंचं कर्ज का अडवलं?"

"कंपनीची चौकशी असते."

"चौकशी की मांडणी?"

इंद्रजितची नजर नकळत गुंडीकडे गेली आणि झटकन परत आली.

"गहाणाबद्दल विचारायचं असलं की आमची दुपार जायची," साधना सांगू लागली. "म्हणून त्या बायकांना गुंडी मिळाली, बाकीच्यांना पेला. तुम्ही घराघरांत बसता, पाणी पिता. गुंडी दिसली की नाव अडवायचं. पण बिजलीबाईंना मी पेला दिला होता. त्यांच्या घरातली गुंडी आहेरात आलेली आहे."

"माह्याकडून," रुपीबाई उभ्या राहिल्या. "मीच देल्ली. माहं सोनं गहाण हाय, आता होऊ द्या मालूम सगळ्याईले. त्या पोरीनं सांगतलं असतं, त मीच पयले अडकली असती."

इंद्रजितने रुमालाने तोंड पुसलं. "भुरीबाईले मी सोनाराकडं पाह्यलं व्हतं. तिच्या घरी गुंडी दिसली, मंग अंदाज बांधला, जिच्या घरी मॅडमची गुंडी तिचं सोनं गहाण. मी कोणाची चोरी केली? मांडणी त सबन लोक पाह्यते."

"अन् पोरीवर आळ आला तवा?" पंचफुलाबाईंनी विचारलं. "तवा तोंड काहून नाई उघडलं?"

"लोक तिलेच धरून राह्यले व्हते. मी कायले बोलू?"

त्यावर कुणी त्याला पाणीसुद्धा विचारलं नाही.

"बायांनो, याने वाचलं ते मी मांडून ठेवलेलं होतं," साधना म्हणाली. "कुणाला काय द्यायचं ते मी ठरवलं. तुमची गुपितं मीच तुमच्या घरात उघड्यावर ठेवली. मला माफ करा."

"आमाले माफी नोका मांगू," पंचफुलाबाई म्हणाल्या. "आमी तिच्यावर संशय घेतला, आमचं पाप आमी फेडू. तुमी तुमचं फेडा."

वैष्णवी तिच्या घराच्या दारातच भेटली. साधनाने सगळं सांगितलं, काही राखून न ठेवता. तिला पुन्हा कामावर ये म्हणाली, हात जोडले.

वैष्णवीने ते हात खाली केले. तिचे डोळे लाल होते, पण बोलणं शांत होतं.

"आता कोण्या गावात काम हाय, मॅडम?"

"मारेगावला."

"तिथं बी वस्तीतलीच एखादी पोरगी सोबत घ्यान?"

"हो. तिच्याशिवाय बायका बोलत नाहीत."

"मंग तिले पयलेच सांगून ठेवा," वैष्णवी म्हणाली, "काही बिघडलं, त पयले तुमी तिलेच धरसान म्हणून."

साधनाला रडू फुटलं. वैष्णवीने तिला घरात बोलावलं नाही.