दोनशेच्या पुढचा पाऊस

कड्यावरचं पाऊस मोजायचं यंत्र तीन दिवस मुकं होतं, आणि ते बोलतं झाल्याशिवाय उंबरवाडीचा दहा दिवसांचा अंदाज पक्का होणार नव्हता. म्हणून प्रज्ञेश आणि केरबा भर पावसात निघाले होते. आंदर मावळातली ही वाडी म्हणजे धरणाच्या काठचं टेकाड. पाणी चढलं की एकुलती वाट बुडते, वाऱ्यात होडी चालत नाही, आणि पन्नास घरं बेटावर अडकतात. आठवडाभर आधी कळलं तरच गुरं, म्हातारे, गरोदर बाया बाहेर निघायच्या.

केरबाचा जळफळाट मात्र वेगळाच होता. एकवीस वर्षं कड्यावरच्या बाटलीतला पाऊस त्यानं मोजला. वाडी त्यालाच विचारायची, "आबा, औंदा कसं?" आता हा पुण्याचा पोरगा लॅपटॉप उघडतो न् अख्खी वाडी त्याच्या तोंडाकडं बघत बसते! परवा तर कहरच झाला. दिवस भरत आलेल्या सुनेला, चंपाला, केरबा म्हणाला, "कामशेतला म्हायेरी जाऊन ऱ्हा."

"सायेब म्हनत्यात वाट उघडी ऱ्हाईल, आबा," म्हणत ती भाकरी थापत राहिली. त्याच्याच घरात, त्याच्याच चुलीपाशी!

ओढ्याला कमरेएवढं पाणी होतं. दोघांनी एकच दोर कमरेला बांधला. मधोमध प्रज्ञेशचा पाय सुटला. दोर ताणला. केरबानं खडकाला मिठी मारली, दातओठ खाल्ले आणि गड्याला काठावर ओढलं.

"तुमच्या नोंदींवरच संगणक शिकलाय, आबा," प्रज्ञेश धापा टाकत म्हणाला. "एकवीस वर्षांत दिवसाचा पाऊस दोनशे मिलिमीटरच्या वर गेलाच नाही. म्हणून मी निर्धास्त आहे."

केरबा तोंड फिरवून चढाला लागला. बाटलीत मावायचंच दोनशे! जोराच्या पावसात ती दिवसातून दोनतीनदा रिकामी करायची, असा नियम. पण तसल्या पावसात कड्यावर दुसऱ्यांदा मरायला कोण चढतंय? भरून वाहिली की तो 'दोनशे' लिहून मोकळा. हे सांगावं, तर तालुक्यात सत्कार झालेल्या माणसाची अब्रू जाणार. न सांगावं, तर अंदाज फसून ह्या शहाण्याची जिरणार. खोटं कशाला बोला, त्या विचारानं केरबाला गुदगुल्या होत होत्या. चंपा आठवली की मात्र त्या थांबत.

माथ्यावर धुकं न् वारा. यंत्राचा खांब आडवा! नोंदींची पेटी कड्याखाली चार-पाच पुरुष खोल, कारवीत अडकलेली. दोर पुरेना. प्रज्ञेशनं तो सोडला आणि कारवीची ओली खोडं धरून उतरायला लागला.

जाऊ दे, केरबाच्या मनात आलं. क्षणभर खरंच आलं!

एक धोंडा निसटला. खाली पडल्याचा आवाजच आला नाही. केरबा पालथा झोपला, हात लांबवला, कॉलर धरली.

"सोडा, आबा. पेटी हवीच."

"ती आनून बी तुमचा अंदाज चुकनारच. बाटली सांडायची, सायेब. म्या दोनशेच लिव्हायचो."

प्रज्ञेश वर येऊन चिखलातच बसला. शिव्या दिल्या असत्या तर केरबाला बरं वाटलं असतं. पण तो म्हणाला, "कुठल्या दिवशी सांडली, आठवतं?"

केरबाला सगळं आठवत होतं. एकेक करून सतरा दिवस त्यानं सांगितले. पेटी तिथंच सोडून दोघं उतरले.

संध्याकाळी यंत्राचे मुके दिवस आसपासच्या केंद्रांवरून धरून आणि त्या सतरा दिवसांवर 'दोनशेच्या पुढं' अशी खूण करून प्रज्ञेशनं पुन्हा गणित मांडलं. वाट आठव्या दिवशी बुडणार होती. सातव्या दिवशी वाडी रिकामी झाली. आठव्या दिवशी दुपारी वाट गेली. चंपा कामशेतला सुखरूप बाळंत झाली.

बाळ बघायला वाडी लोटली. शेजारची आक्काबाई म्हणाली, "सायबानं लय उपकार केलं." केरबाला पुन्हा झोंबलं. प्रज्ञेश कोपऱ्यात उभा होता. बाटलीबद्दल तो कुणाकडं चकार शब्द बोलला नव्हता. हे तर जास्तच झोंबलं. केरबा उठला आणि त्यानं सगळ्यांदेखत सगळं सांगून टाकलं.

चंपानं बाळाला या कुशीवरून त्या कुशीवर घेतलं.

"त्या दिवशी चुलीपाशी एवढं सांगितलं असतं," ती म्हणाली, "तर म्या तुमचंच ऐकलं असतं, आबा."