उसनं मेरुजल

दात्याने कुशीवर झोपावे. गुडघे पोटाशी, हनुवटी छातीला.

भिंतीवर सूचना उजळली. पद्माकर देसलेंची बायको तशीच मुटकुळं करून झोपली. मेरुजल केंद्राच्या त्या पांढऱ्या खोलीत ती फारच लहान दिसत होती. देसलेंनी तिचा हात धरला.

"घाबरू नकोस, कुंदा. मी आहे ना."

हात एकदम गार पडला. सुईला भ्यायली, त्यांना वाटलं.

सुई कमरेच्या मणक्यांमधून जाईल. हलू नये.

"मज्जारज्जूला लागणार नाही ना?" देसलेंनी पुन्हा विचारलं.

"नाही हो काका," डॉ. तेजल पगार म्हणाली. "तो वरच संपतो. इथं नुसतं पाणी. मेंदू ज्यात तरंगतो, तेच. निरोगी माणसाचं तुम्हाला दिलं की हरवलेल्या आठवणी जागेवर यायला लागतात."

सुईतून थेंब पडू लागले. नितळ.

"पंप लावा की," देसले म्हणाले. आयुष्य धरणांवर गेलेला माणूस. डॉक्टर हसली. बायको हसली नाही.

मग देसलेंची पाळी. तीच कूस, तशीच सुई.

दोघांनी उताणे पडून राहावे. डोके दुखू शकते.

डोकं नाही, छाती दुखू लागली. आतून कुणीतरी पिळून काढत होतं. जन्मभर ज्याच्यावर विसंबलो, त्यानंच गळा कापावा, तसं. जवळचं माणूस एकच होतं. शेजारच्या खाटेवर, छताकडे बघत.

"तू मला फसवलंस," देसले ओरडले. "काय केलंस? बोल!"

डॉक्टर धावत आली. "काका, शांत व्हा. मेरुजलातून भावकणही येतात. देणाऱ्याची भावना घेणाऱ्याला काही काळ जाणवते. हे दुःख तुमचं नाही. काकूंचं आहे."

"तिचं? असेल जुनंपानं काहीतरी."

"जुनं उरतच नाही त्यात. हे पाणी दिवसातून तीन-चार वेळा नवं होतं. म्हणजे जे आहे ते आज सका—"

ती थांबली. दोघांकडे बघितलं, आणि काहीतरी आणायच्या निमित्तानं बाहेर गेली.

"सकाळी काय केलं मी?" देसलेंनी विचारलं.

"माझं नाव काय?"

"शालन!" चटकन आलं. कित्येक महिन्यांनी. त्यांना केवढा आनंद झाला. "शालन, शालन!"

"मग कुंदा कोण?"

औषध लागू पडलं होतं. धरणाच्या साइटवरचं क्वार्टर. दोरीवर वाळणारी हिरवी साडी. शालन तेव्हा बाळंतपणाला माहेरी. सगळं आपापल्या जागी येऊन बसलं, साडीच्या काठासकट.

"आठवत नाही गं," ते म्हणाले.

"बरं," शालन म्हणाली. तिला ते पटलं की नाही, चेहऱ्यावरून काही कळेना.

भिंत पुन्हा उजळली.

दुसरी मात्रा उद्या सकाळी. दाता बदलता येणार नाही.