कॅरमवरचा पहारा

"ताईनंच सांगितलं! दुसरं कोण होतं तिथं?" चिंगी तावातावानं म्हणाली.

सुट्टी नुकती कुठे लागली होती, तोच मुलांच्या केंद्रावर ही भानगड! चिंगीची जिवाभावाची मैत्रीण छकुली. घरी बाबांची फार भीती वाटते, हे तिनं फक्त केंद्रातल्या ताईला सांगितलं होतं, तेही कॅरमजवळच्या बाकावर बसून, हळू आवाजात. संध्याकाळी बाबांनी तेच शब्द तिला ऐकवले! छकुली केंद्रावर यायची बंद झाली. चिंगीनं मग सगळ्यांसमोर ताईला 'चोंबडी' म्हटलं. ताईचा चेहरा एवढासा झाला. दुसऱ्या दिवसापासून तीही आली नाही.

"पण ताई नाही म्हणत होती ना?" तिचा दोस्त लंबू म्हणाला. "आज ती नाहीये. त्याच बाकावर काहीतरी खोटंच बोलून बघू या!"

दोघं त्याच बाकावर बसली. "उद्या गच्चीवरच्या टाकीत पोहायचं हं!" चिंगी मुद्दाम म्हणाली.

घरात पाऊल टाकलं मात्र, आई कडाडली, "टाकीत उतरलीस तर तंगडं मोडीन!"

"तुला कुणी सांगितलं?"

"सांगायला कशाला हवं? या फोनवर सगळं दिसतं, ऐकू येतं!"

 म्हणजे ताई खरं बोलत होती!

सकाळी केंद्रावर चिंगीनं हे सांगताच लंबू स्टुलावर चढला. कॅरमच्या वर, भिंतीवरच्या दिव्याच्या आडोशाला एवढुसा कॅमेरा! दोघांनी व्यवस्थापक काकांना ओढतच आणलं.

"अरे, स्ट्रायकर सारखे गायब होतात म्हणून बसवला," काका म्हणाले. "आणि 'पोरगं पोचलं का' म्हणून आईबाप फोन करकरून डोकं खातात. म्हणून सगळ्यांच्या फोनला जोडून दिला. तो ऐकतोसुद्धा, हे मला काय ठाऊक!"

"आम्हाला विचारायचं तरी!"

"पोरांना काय विचारायचं?" काका बोलून गेले आणि खाली बघत राहिले.

कॅमेरा निघाला. पालकांच्या सभेत काकांनी माफी मागितली. "शाब्बास पोरांनो!" म्हणत सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. चिंगीला मात्र कुठे तोंड लपवू असं झालं. ती तडक ताईच्या घरी गेली.

"ताई, चुकलं माझं. फार वाईट बोलले मी."

"मैत्रिणीसाठी भांडलीस, त्याचा राग नाही," ताई म्हणाली. "पण एकदा मला विचारायचंस गं."

ताई परत आली. छकुलीही आली. तिचे डोळे रडून सुजले होते. ती बाकावर बसली, तशी ताई शेजारी येऊन हळूच म्हणाली, "काय झालं गं?"

छकुलीनं वर पाहिलं. भिंतीत स्क्रूची दोन भोकं तेवढी उरली होती.

"काही नाही," ती म्हणाली. "कॅरम खेळू या."

चिंगीला रडू फुटलं.  ताईनं सोंगट्या मांडायला घेतल्या.