निळ्या रिबिनीची माटोळी

म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात काय मिळत नाही म्हणा! कमलाक्षीच्या पिशवीत त्या दिवशी पावशेर काळे तीळ होते, दर्भाची जुडी होती, जवाचं पीठ होतं आणि शेंडीसकट एक नारळ होता. नारळ हलवून बघत विकणारी म्हणाली, "बाय, गोड जाय तर हो व्हर." कमलाक्षीने नुसती मान हलवली. आता तिला काय सांगायचं, की बाई, हा खायचा नारळ नव्हे, हे माझ्या भावाचं डोकं आहे?

तर गोष्ट अशी. कमलाक्षी मुळगावच्या शाळेतली मास्तरीण. बारा वर्षांपूर्वी तिचा थोरला भाऊ शिवदास चवथीच्या विसर्जनादिवशी घरातून गेला तो गेलाच. रंगाच्या डब्यात जीव असलेला माणूस तो. कुणाच्या ट्रकवर नाव घाल, कुणाच्या देवाच्या खोलीत भिंतीवर कमळं काढ, आणि तेवढ्यावर खूश. खाणीच्या ऑफिसात चालून आलेली नोकरी त्याने नको म्हटली आणि आईचा, रुक्मिणीबाईचा, तोल सुटला. गणपती हलवायची घाई, पाहुण्यांनी घर भरलेलं, आणि सगळ्यांदेखत ती ओरडली, "चल, चालता हो! परत तोंड दाखव नाका!" संध्याकाळी खुंटीवरची त्याची पिशवी नव्हती. मुंबईला गेला असेल, राग उतरला की येईल, असं जो तो म्हणाला. आईने तेव्हापासून दाराला आतून कडी घातली नाही.

माणसाचा बारा वर्षं पत्ता लागला नाही, तर पळसाच्या पानांचा माणूस करावा, त्याला नारळाचं डोकं लावावं आणि रीतसर अग्नी द्यावा असा रिवाज आहे. बारा वर्षं भाद्रपदात भरली होती. आई दोन वर्षं अंथरुणाला खिळलेली. शेवटी तीच म्हणाली, करून टाका, माझ्यामागे त्याचं कोण करणार? सोमवारचा दिवस ठरला. कमलाक्षीच्या मनाला मात्र ते काही केल्या पटेना. भाऊ कुठेतरी जिवंत असला तर? जिवंत माणसाला आपल्या हाताने जाळायचं? पण आईपुढे बोलणार काय, पिशवी घेऊन निघाली बिचारी.

बसला अवकाश होता. फेब्रुवारीचं ऊन, सुक्या मासळीचा आणि अबोलीच्या गजऱ्यांवर शिंपडलेल्या पाण्याचा वास, आणि माणसांचा गलका दुरून यावा तसा कानावर येत होता. सावली बघत ती बाबलीच्या दुकानाशी थांबली. बाबली रेडिओ दुरुस्त करायचा आणि रेकॉर्डी विकायचा. काचेमागे एक नवी रेकॉर्ड लावली होती. रेड बार्ज नावाचा बँड, वास्कोची पोरं. कमलाक्षीला त्या ढणढण वाजवण्याचं काय हो कौतुक? तिचे पाय थांबले ते कव्हरावरचं चित्र बघून.

चित्रात माटोळी होती. चवथीला गणपतीच्या डोक्यावर रानातली फळंपानं बांधलेली लाकडी चौकट टांगतात, तीच. मागे हिरवट उजेड होता आणि त्यावर काळपट दिसणारी सुपारीची शिपटी, तोरिंगं, कवंडळं, कांगलांचे लाल घोस. शहरातल्या माणसाला ती नुसती नक्षी वाटली असती.

"बाई, तुमीय तेंच सोदतात काय?" बाबली हसत बाहेर आला. "कॉलेजातलीं पोरां दिसभर हांगा भिंग घेवन बसतात. ह्या कव्हरांत म्हणे निरोप लिपयलेलो आसा. कोण म्हणता पानांत अक्षरां आसत, कोण म्हणता कव्हर उलटें धरलें काय एक म्हातारी वाकून बगता… म्हाका तरी कितेंच दिसना!"

तिने कव्हर हातात घेतलं, उलटं धरून पाहिलं. म्हातारीबितारी काही नव्हती.

"कोणी काढलं हे?"

"तीच तर मजा! म्हजो भाचो गुरुदास ड्रम वाजयता. दिसभर बार्जीचेर खलाशी, सांजवेळां ड्रम. दिवाळीच्या सुमाराक आमोण्याच्या धक्क्यार बार्ज भरताली, मुळगावच्या खाणीचो माल. त्या तांबडे मातयेंतल्यान एक फळी आयली, तिजेर हें चित्र. नांव ना, सही ना. पोरांक आवडलें, तांणी फोटो काडून मुंबयक धाडलो." मग जरा आवाज उतरवून म्हणाला, "फळी अजून गुरुदासाच्या घरा आसा. चार म्हयने जाले… सुकना गो बाये ती."

कमलाक्षीचं शेवटच्या शब्दांकडे लक्षच नव्हतं. माटोळीत नारळाची पेण, म्हणजे घड, मधोमध असते, सगळ्यांच्या घरी. ह्या चित्रात ती डावीकडे होती. मुळगावात एकाच घरात ती डावीकडे बांधत, कारण मधल्या वाशाला वाळवी होती, आणि ते घर तिचं होतं. आणि डाव्या कोपऱ्यात कांगलांचा एक घोस दोरीने नव्हे, निळ्या रिबिनीने बांधलेला होता.

ही रिबीन शिवदासाने तिला ती शाळेत असताना फेस्ताच्या फेरीतून, म्हणजे चर्चच्या जत्रेतून, आणून दिलेली. तो गेल्यावर तिने ती डब्यात जपून ठेवली. पण गेल्या चवथीला पंचाईत झाली. माटोळी बांधायची ती कुंभ्याच्या झाडाच्या सालीने, आणि कुंभ्याचं रान खाणीने खाल्लेलं. हातभर दोरी कमी पडली. शेवटचा घोस तिने रिबिनीने बांधला. म्हणजे ही रिबीन माटोळीत फक्त गेल्या चवथीला होती, पाच दिवस! मग माटोळीतलं सगळं नेहमीप्रमाणे गणपतीबरोबर पाण्यात सोडलं.

म्हणजे शिवदासाने ती पाहिली होती. म्हणजे तो आला होता!

लहानपणी दोघं माटोळीखाली उताणी पडून फळं मोजत. चित्रही तसंच, खालून पाहिलेलं. आईला तोंड दाखवायचं नाही म्हणून गर्दीत चोरासारखा आला असेल मेला, आणि पाहून गेला असेल. ती भर बाजारात रडली आणि हसलीही. घरात वाजवायचं यंत्र नसताना तिने ती रेकॉर्ड विकत घेतली. बसमध्ये ती पिशवीतल्या नारळावर हात ठेवून बसली होती. ह्याची आता मी सोलकढी करणार, असं तिने मनाशी पक्कं केलं. खिडकीबाहेर लाल धूळ संथ उडत होती, ट्रक येत होते नि जात होते, आणि तिला एकाचाही आवाज ऐकू येत नव्हता.

घरी बलकांवात, म्हणजे बाहेरच्या बैठकीत, चुलतभाऊ सगुण पळसाची पानं जुळवत बसला होता. सोमवारी अग्नी तोच देणार होता.

"उचल रे तें सगळें!" ती उंबऱ्यावरूनच ओरडली. "शिवदास जिवंत आसा!"

सगुण उठून तिच्यामागून आत आला. आई उताणी पडलेली. कमलाक्षीने धापा टाकत सगळं सांगितलं आणि कव्हर आईच्या तोंडावर आडवं धरलं, माटोळी टांगतात तसं. "बघ आई, रिबीन बघ! आठवता?"

आई बघत राहिली. बराच वेळ. 

"कमळ… हांगा वासे खंय आसत गो?"

"कसले वासे?"

"माटोळीखाली पडलें काय फळांमागे घराचे वासे दिसतात. दोन वर्सां मी तेच वासे बगता." आईने कष्टाने बोट वर केलं. "हांगा नुसतो उजेड. आणि रिबिनीचीं टोकां… टांगलेलीं आसतीं तर सरळ लोंबतीं. हीं पसरल्यांत बग. उदकांत पसरतात तशीं."

कमलाक्षीने कव्हर आपल्या डोक्यावर धरलं आणि वर पाहिलं. फळं टांगलेली नव्हतीच. ती तरंगत होती. मागचा हिरवा उजेड छपराचा नव्हता, पाण्यापलीकडच्या आभाळाचा होता. चित्र काढणारा पाण्याखालून वर बघत होता.

 गावची तळी खाणीच्या चिखलाने बुजली, तेव्हापासून गाव खाणीच्या जुन्या खड्ड्यात गणपती सोडत होतं. ज्या वर्षी हे सुरू झालं, त्याच वर्षी शिवदास गेला. दर चवथीला माटोळी त्याच पाण्यात. गेल्या पावसाळ्यानंतर त्या खड्ड्याच्या कडेने नवी खोदाई चालू होती आणि तोच माल आमोण्याला जात होता.

"मीच म्हटलेलें, तोंड दाखव नाका म्हणून," आई म्हणाली. डोळे कोरडे होते तिचे. "आयकलें गो ताणें. बारा वर्सां आयकलें." मग थोड्या वेळाने म्हणाली, "सोमवारचें करा. थंयच करा, खड्ड्याकडेन. आणि म्हाका व्हरा… एकदा तोंड बगूंक जाय."

"काकी, ती उतरण कसली आसा खबर आसा मगो?" सगुण कळवळून म्हणाला. "तुका उखलून व्हरप जमचें ना."

आईने भिंतीकडे तोंड फिरवलं.

सोमवारी सकाळी शेजारची शांता आईपाशी बसली आणि बाकीची खड्ड्यावर गेली. पाणी हिरवं, गप्प, एक तरंग नाही. खाणीचं काम त्या दिवशी का कोण जाणे बंद होतं. पानांच्या शिवदासाला सगुणने अग्नी दिला. धूर वर न जाता पाण्यावर पसरत गेला. नारळ फुटला तेव्हा कमलाक्षीने डोळे मिटून घेतले. तिला शेजारी कुणीतरी येऊन उभं राहिल्यासारखं वाटलं. खोबरेल तेलाचा ओळखीचा वास आला. गावातली कोणी असेल म्हणून तिने डोळे न उघडताच बाजूला सरून जागा दिली. राख पाण्यात सोडली आणि सगळी परतली.

"हालली सुद्धा ना," शांता दारातच म्हणाली. "अशी निजली, लहान पोर निजता तशी. हांव हांगाच बसून आसली."

खरंच, आईच्या तोंडावर असं समाधान कमलाक्षीने बारा वर्षांत पाहिलं नव्हतं. चादर नीट करायला म्हणून तिने ती पायावरून ओढली. आईची पावलं घोट्यापर्यंत तांबडी होती, खाणीच्या ओल्या मातीने. बोटांच्या बेचक्यांतून अजून पाणी निथळत होतं.

"आई…"

आईने डोळे उघडले. "दाखयलें गो ताणें," ती कुजबुजली, आणि हसली.

तिसऱ्या दिवशी आई गेली. झोपेतच.

सुतक फिटल्यावर एका दुपारी कमलाक्षीने ते कव्हर पुन्हा काढलं. खड्ड्यात टाकून यायचं असं तिने ठरवलं होतं. निघण्यापूर्वी, त्या कॉलेजातल्या पोरांचं बोलणं आठवलं म्हणून, तिने ते उलटं धरलं. पानांच्या फटीत आई होती. काठावर गुडघे टेकून, वाकून, एक हात खाली पाण्यात घातलेला. इतकी स्पष्ट, की दुकानात आपल्याला दिसली कशी नाही ह्याचंच कमलाक्षीला नवल वाटलं. पोरांना तर ती तेव्हाच दिसत होती, आई घरात अंथरुणावर पडून असताना!

मग तिची नजर डाव्या कोपऱ्यात गेली. कांगलांचा घोस सुटा तरंगत होता, त्याला बांधलेलं काहीच नव्हतं. आईच्या शेजारी, जरा सरून उभी राहिलेली, आणखी एक बाई रंगवायला घेतली होती. तोंड अजून कोरं होतं. फक्त केस पुरे झाले होते आणि त्यांत निळी रिबीन होती.

कमलाक्षी खड्ड्यावर गेली नाही. कव्हर तिने तसंच ट्रंकेत तळाशी ठेवलं आणि वर कपडे रचले. आताशा ट्रंक उघडली की वरचे कपडे कोरडे असतात. खालचे ओले.