आधी तुम्ही

"तुमची पेटी चोराला सामील आहे," मालक फोनवर म्हणाले. "ताबडतोब या. संध्याकाळी मी पोलिसांना बोलावतोय."

भिंगांच्या त्या कारखान्यात तिला सगळे पेटीवाली ताई म्हणत. फाटकावरची पेटी तिनेच बनवली होती. सुटी झाली की प्रत्येकाने तिचं बटण दाबायचं. हिरवा दिवा लागला तर घरी जायचं, लाल लागला तर झडती द्यायची. कोणाला लाल लागेल हे पेटी ठरवणार, म्हणजे वशिला नाही की रुसवेफुगवे नाहीत. हे काम तिला मिळवून दिलं होतं तिच्या सख्ख्या मामांनी. ते तिथे सुपरवायझर होते. वडील गेल्यावर सायकलपासून गणितापर्यंत तिला सगळं शिकवलं ते त्यांनीच.

मालकांच्या केबिनमध्ये भिंगांना चकाकी देणारी पॉलिशवाली बसली होती. रडून रडून तिचे डोळे सुजले होते.

"कॅमेऱ्याची महागडी भिंगं गायब होताहेत," मालक म्हणाले. "आणि या बाईंना पेटी बसवल्यापासून लाल दिवा लागलेलाच नाही. एकदाही नाही! तुमच्या मामांच्याच लक्षात आलं ते."

मामा खिडकीपाशी उभे होते. "मलाही वाईट वाटतं गं," ते म्हणाले. "पण डोळ्यांवर कातडं तरी किती ओढायचं?"

ताईने पॉलिशवालीसमोर खुर्ची ओढली.

"तुम्ही फाटकातून कधी निघता?"

"सगळ्यांच्या आधी. पोरगी पाळणाघरात असते. उशीर झाला की रडून पाळणाघर डोक्यावर घेते."

"रोज पहिल्याच?"

"रोज. घंटा झाली की पळतच सुटते मी."

"भिंगं घेतलीत?"

"ताई, लेकीची शपथ घेऊ का? ही नोकरी गेली तर आम्ही दोघींनी जायचं कुठे?"

ताई फाटकावर गेली. पहारेकरी स्टूल पुसत होता.

"पेटी कधी चालू करता?"

"घंटा झाली की. सगळे गेले की बंद."

"तिला कोणी हात लावतं?"

"छे! रांगेत ढकलाढकली होते तेवढीच. तुमचे मामा मात्र देवमाणूस. साहेब असून कधी मध्ये घुसले नाहीत. रोज इथे उभे राहून एकेकाला पुढे सोडतात. आधी तुम्ही, आधी तुम्ही!"

ताईला बरं वाटलं. मामा घरीही तसेच होते. पहिलं ताट कधी स्वतःपुढे ओढलं नाही त्यांनी.

तिने पेटीचं झाकण उघडलं. आतल्या मेमरी कार्डावर निळ्या नेलपॉलिशचा ठिपका होता. ती तिचीच खूण होती, पण पेटीतल्या कार्डावर ती असायला नको होती.

तिने पेटी चालू केली आणि बटण दाबत गेली. हिरवा, हिरवा, लाल, हिरवा, हिरवा, हिरवा, लाल. पेटी बंद करून पुन्हा चालू केली. हिरवा, हिरवा, लाल... पुढेही सगळं तस्संच.

पहारेकरी आ वासून बघत राहिला. "हे कोणाला सांगू नका," ती म्हणाली. मग तिने लॅपटॉपवर नवं कार्ड तयार केलं, पेटीत घातलं आणि मालकांना बोलावून घेतलं.

घंटा झाली. रांग लागली तेव्हा ती मोठ्याने म्हणाली, "आजपासून पेटीत नवं कार्ड आहे. कितव्या माणसाला लाल लागेल, हे आता मलाही सांगता यायचं नाही."

लोकांना त्याचं काय? जो तो घरी जायच्या घाईत. ताई फक्त मामांकडे बघत होती. चुकून घातलं असेल कार्ड, वय झालंय त्यांचं. मामा, एकदा येऊन बटण दाबा. बास, एवढंच करा.

"आधी तुम्ही," मामा म्हणत होते. "तुम्हीही व्हा पुढे."

शेवटी मागे कोणीच उरलं नाही. मामांनी खिसे चाचपले. "अरेच्चा, किल्ली वरच राहिली!"

ते जिना चढले. त्यांच्या पाठोपाठ ताई आणि मालक. वर मामा पॉलिशवालीच्या टेबलाशी वाकले होते. चष्म्याच्या घरातली भिंगं ते तिच्या खणात सारत होते.

"तुम्ही?" मालक म्हणाले. मग ताईकडे वळले. "तुम्हाला कळलं कसं?"

"कॉम्प्युटर खरे फासे टाकत नाही," ती म्हणाली. "प्रोग्रॅमिंगच्या भाषेतच एक तयार सोय असते. ती एका सुरुवातीच्या आकड्यावरून हिशेब करून पुढचे आकडे काढते. त्या आकड्याला आम्ही बीज म्हणतो. बीज तेच, तर क्रमही तोच. म्हणून एरवी ते घड्याळावरून घेतात, दर वेळी वेगळं. चाचणी करताना मात्र मुद्दाम एकच ठेवतात, म्हणजे चूक झाली तर पुन्हा तीच घडवून तपासता येते. ठिपक्याचं कार्ड चाचणीचं होतं. मामांनी ते तुम्हाला नमुना दाखवायला म्हणून मागून घेतलं. खरं कार्ड मी नंतर दिलं. पेटी बसवली मामांनी."

"आणि पॉलिशवाली?"

"पेटी रोज नव्याने चालू व्हायची, त्यामुळे पहिला दिवा कायम हिरवाच. ती पळत सुटायची ती लेकीसाठी. मामा लोकांना पुढे सोडायचे ते डोकी मोजायला. आपला हिरवा आला की निघायचे. आज क्रम बदलला म्हटल्यावर भ्यायचं कारण फक्त चोराला होतं."

मामा खुर्चीत बसले. "तुला हे काम मी मिळवून दिलं, पोरी."

"का मिळवून दिलंत?"

मामांनी चष्म्याचं घर मिटलं. पेटी बनवत असताना एका संध्याकाळी त्यांच्याच घरी, जेवणाच्या टेबलावर तिने त्यांना बीज समजावून सांगितलं होतं. मामा पुन्हा पुन्हा विचारत होते आणि ती हरखून सांगत होती. आयुष्यात पहिल्यांदा ती मामांना काही शिकवत होती. ते आठवलं आणि तिला रडू फुटलं.

केबिनमध्ये थांबवून ठेवलेल्या पॉलिशवालीची मालकांनी हात जोडून माफी मागितली. ती पूर्ण ऐकायलाही थांबली नाही, पाळणाघराकडे पळाली.

फाटकाबाहेर पोलिसांची गाडी उभी होती. पेटीपाशी पोचल्यावर मामा सवयीने बाजूला झाले. "आधी तू," ते म्हणाले.

ताईने डोळे पुसले.

"नाही मामा. आज आधी तुम्ही."