सोबत नावाचा टॅग

दिवाळी झाली की बोरीच्या पुढचं ते गाव ऊसतोडीला जातं. मागे म्हातारी माणसं राहतात. त्यातली अकरा माझ्याकडे आहेत. सेलूच्या एका संस्थेत मी नर्स आहे. दर बुधवारी स्कूटीवर जायचं, बीपी बघायचं, गोळ्या द्यायच्या आणि घरातून निघताना मोबाइलवरच्या ॲपमध्ये नोंद बोलून ठेवायची. दिसेल ते बोलायचं, एवढाच नियम.

आश्विनात माझी आई गेली. स्कूटीवर मागे बसली की ती कमरेपाशी माझे कपडे मुठीत धरायची. चौदाव्या दिवशी मी कामावर हजर होते. रडू आलं नव्हतं. लोक समजूत घालायचे तेव्हा मी त्यांच्या हलणाऱ्या ओठांकडे बघत राहायचे. नोंदींत मात्र चूक होत नव्हती.

नोंदी फार साठल्या म्हणून ऑफिसातल्या योगीराजने ॲपला एक एआय एजंट जोडला. तो प्रत्येक नोंद वाचतो आणि तिला टॅग लावतो. बीपी, मोतीबिंदू, एकटी. डॉक्टरांना हवं ते माणूस पटकन सापडतं. पौषातल्या एका गुरुवारी धुरपताबाईंच्या नोंदीवर मला एक वेगळा टॅग दिसला. सोबत.

धुरपताबाई गावाच्या टोकाला एकट्या राहतात. माझ्या फेरीतलं ते शेवटचं घर. मुलगा आणि सून कारखान्यावर. मी टॅग काढून टाकला. दुपारी तो परत लागला, आधीच्या बुधवारच्या नोंदीवरही. संध्याकाळपर्यंत एजंट मागे मागे जात दिवाळीपर्यंत पोचला. नऊ नोंदी, नऊ वेळा सोबत.

योगीराजला विचारलं. तो म्हणाला, एजंट मनाचं काही लावत नाही. टॅगवर बोट दाबून धरलं की कोणत्या वाक्यावरून लावला ते दिसतं. मी बोट दाबलं.

चहा नको म्हटलं तरी कप तीन मांडले.

बाजेवर वाकळा दोन, दोन्ही अंथरलेल्या.

हात खांद्याच्या वर जात नाहीत. अंबाडा घट्ट, पाठीमागून नीट बांधलेला.

सगळी वाक्यं माझी होती. रेकॉर्डिंग ऐकलं, आवाजही माझाच. सपाट. हे मी पाहिलं होतं, बोलले होते आणि गाडीला किल्ली लावून निघून गेले होते.

त्याच नोंदींत एक गोष्ट राहून गेली होती. धुरपताबाईंच्या उजव्या डोळ्याचं ऑपरेशन परभणीला ठरलं होतं. उशीर झाला तर डोळा जाईल असं डॉक्टरांनी सांगितलेलं. त्यांनी दोनदा नकार दिला. घरात माणूस असताना कसं यावं, असं त्या म्हणाल्या होत्या. मी नोंदवलं होतं : नकार, कारण घरगुती.

पुढच्या बुधवारी तीनच्या सुमाराला पोचले. त्या उंबऱ्याजवळ तूर निवडत होत्या. बीपी घेतलं. ठीक होतं. मग विचारलं, तुमच्याजवळ कोण राहतं.

"तुज्याच संगं आल्या की माय त्या," धुरपताबाई म्हणाल्या. "दिवाळीपसून. तू जातीस, त्या ऱ्हात्यात."

कोण, ते मी विचारलं नाही.

धुरपताबाई सुपावर हात फिरवत सांगत राहिल्या. चुलीपाशी बसतात. केस विंचरून देतात. बोलत नाहीत फारसं. आपल्या डोळ्यांवर मोतीबिंदूचा सारा आल्यामुळे त्यांचं तोंड काही नीट दिसत नाही. बुधवारी माझ्या गाडीचा आवाज आला की उठून दाराशी उभ्या राहतात. मी त्यांच्या बाजूने आत येते, बाजूनेच निघून जाते.

"आता तू घिऊन जा त्यांला," त्या म्हणाल्या. "मंग मी येते डोळ्याला."

मी बीपीचं मशीन पिशवीत ठेवलं. चेन लावली. आत बाज होती, दोन वाकळा होत्या, पत्र्याच्या भोकातून आलेलं ऊन त्यावर पडलं होतं. मला भीती वाटत नव्हती. काहीच वाटत नव्हतं.

"चला," मी म्हणाले.

बाज करकरली.

मी वळून अंगणात आले. मागे बघितलं नाही. गाडी स्टँडवरून काढली, बसले, चालू केली.

धुरपताबाई भिंतीला धरून बाहेर आल्या. त्यांचे दुधाळ डोळे माझ्या खांद्याच्या मागे कुठेतरी लागले होते. मला त्यांनी कधी अहो-जाहो केलेलं नाही.

"नीट धरून बसा," त्या म्हणाल्या.

बोरीपर्यंत रस्ता उखडलेला आहे. मी एकेक खड्डा चुकवत सावकाश गेले.

फाट्यावर थांबले, खाली बघितलं. उजव्या कमरेपाशी माझा एप्रन मुठीत धरल्यासारखा गोळा झाला होता. तो मी सोडवला नाही.